बियांपासून रोपं करण्याचा तयार संच: ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत कितपत उपयोगी?

९८ कप्प्यांचा काळा ट्रे, ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या सोडणाच्या भुशाची) वीट, अर्धा किलो गांडूळखत, बियांची दहा पाकिटं, फवारणीची छोटी बाटली, नावं लिहायला लाकडी पट्ट्या, वरून घालायला पारदर्शक झाकण आणि घडी घातलेलं एक माहितीपत्रक. घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांपासून वाशी-नेरुळच्या दुकानांपर्यंत आणि ऑनलाइनही साधारण असाच संच चारशे ते सहाशे रुपयांना मिळतो. वेष्टनावरचं नाव बदलतं, आतला माल फारसा बदलत नाही. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या संचाचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. ट्रे उत्तम आहे. कोकोपीट धुतलं तर चांगलं आहे. बियांची पाकिटं निम्मी वाया जातात. आणि माहितीपत्रक बाजूला ठेवलेलंच बरं, कारण ते थंड हवेसाठी लिहिलंय. 'ट्रे उबदार जागी उन्हात ठेवा, झाकण लावून ठेवा' ही सूचना जिथे वसंतातही गारठा असतो तिथे बरोबर आहे. आपल्याकडे माघ संपता संपता दुपारचं तापमान पस्तिशीला टेकतं. त्या उन्हात झाकण लावलेला काळा ट्रे ठेवला की बी उगवायच्या आधीच आत शिजतं.

ट्रे

संचातली सगळ्यात टिकाऊ वस्तू हीच. चौदा गुणिले सात असे कप्पे, प्रत्येक कप्पा खाली निमुळता आणि तळाला भोक. निमुळत्या आकारामुळे मुळं गोल गोल न फिरता सरळ खाली जातात आणि भोकापाशी हवा लागली की थांबतात. रोप काढताना मुळांचा घट्ट शंकू तयार मिळतो आणि कुंडीत लावल्यावर रोप कोमेजत नाही.

घेताना ट्रे एका कोपऱ्याला धरून उचलून बघा. मधून दुमडला तर प्लास्टिक पातळ आहे, भरल्यावर हमखास वाकणार. ०.८ मिलिमीटर जाडीचा ट्रे तीन-चार हंगाम सहज जातो. आख्खा ट्रे साधारण ५४ बाय २८ सेंटिमीटरचा असतो, तो ना खिडकीच्या ग्रिलमध्ये नीट बसतो ना परातीत. मजबूत कात्रीने मधोमध कापा. ४९-४९ कप्प्यांचे दोन चौकोन होतात आणि दोन्ही कामं होतात. घरच्या बागेला एका वेळी ४९ रोपंही पुष्कळ झाली.

कोकोपीट: इथेच बहुतेकांचं बिनसतं

६५० ग्रॅमची वीट मोठ्या बादलीत ठेवून साडेतीन-चार लिटर पाणी घातलं की अर्ध्या तासात आठ-नऊ लिटर भुसा होतो. एका ट्रेला दोन-सव्वादोन लिटर पुरतं, म्हणजे एका विटेत तीन ट्रे भरूनही थोडं उरतं. ही बाजू चांगली आहे.

अडचण क्षारांची. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियम मुळातच असतं, त्यात सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर आणखी भर. वेष्टनावर 'लो ईसी' (म्हणजे क्षार कमी) छापलेलं नसेल तर कोकोपीट न धुतलेलंच समजा. अशा कोकोपीटमध्ये बी उगवतं, पण दलपत्रांच्या (बियांतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) कडा करपतात, मुळाचं टोक तपकिरी पडतं आणि रोप दोन पानांवर अडून बसतं. मग दोष बियांना दिला जातो.

उपाय सोपा आहे. फुगलेलं कोकोपीट जुन्या ओढणीत किंवा बारदानात बांधायचं, बादलीभर पाण्यात बुडवून पिळायचं, पाणी फेकायचं. असं तीन वेळा. पाण्याचा चहासारखा रंग गेला नाही तरी चालेल, तो टॅनिनचा असतो आणि क्षारांशी त्याचा संबंध नाही. घरात पाणी तपासायचा टीडीएस मीटर असेल तर नळाच्या पाण्याचा आकडा बघा, मग शेवटच्या पिळलेल्या पाण्याचा बघा. फरक तीनशे पीपीएमच्या आत आला की पुरे. जास्त असेल तर आणखी एकदा धुवा.

याच कारणासाठी आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी ट्रेला अजिबात घालू नका. पाणी वाचवायची धडपड योग्यच आहे, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते लादी पुसायला वापरा. कोवळ्या मुळांना नळाचं पाणीच हवं.

संचातलं गांडूळखत निम्मं-निम्मं मिसळा, असं पत्रकात असतं. ते प्रमाण जड होतं, पाणी धरून बसतं. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत एवढंच घ्या. चहाची नाही, पिठाची चाळणी वापरा. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांमधून दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं, एकही थेंब आला नाही तर कमी.

बी आणि पाकिटं

इथे सर्वात जास्त नाराजी आहे. दहा पाकिटांत ब्रोकोली, लेट्यूस, लाल कोबी, ढोबळी मिरची, पिटुनिया आणि गाजर हमखास सापडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाण्यात यातलं एकही पेरण्यात अर्थ नाही. लेट्यूसचं बी पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर उगवायलाच नाखूश असतं. ढोबळी मिरचीची रोपं छान होतात, पण बत्तीसच्या पुढे फुलं गळतात. गाजर तर ट्रेमध्ये लावायचंच नसतं, मूळ वेडंवाकडं होतं. ही पाकिटं बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दिवाळीच्या सुमारास काढा. गाजर मात्र तेव्हाही थेट खोल कुंडीतच पेरा.

या दिवसांत ट्रेमध्ये पेरायला मिरची, वांगं, झेंडू, झिनिया आणि लाल माठ योग्य. भेंडी, काकडी, दोडका, कारलं यांना मुळं हललेली सोसत नाहीत. ती कागदी कपात पेरून बारा-पंधरा दिवसांत कपासकट कुंडीत लावावीत, कपाचा तळ फाडून. मेथी-कोथिंबिरीसाठी ट्रे अडवू नका, त्या पसरट कुंडीत थेट पेरा. वाळूत वाढणारी बारीक समुद्रमेथी तर तीन दिवसांत वर येते. बागकामाला नुकती सुरुवात करणाऱ्या मुलांना पहिलं यश तिच्यामुळेच मिळतं.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. १९६६ च्या बियाणे कायद्याखालच्या नियमांनुसार लेबलवर वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणक्षमता आणि तपासणीची तारीख लागते, आणि त्या तारखेपासून नऊ महिने बी वैध धरलं जातं. प्रमाणित बियांसाठी किमान उगवण टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के धरलेली आहे. संचातल्या छोट्या पाकिटांवर बहुतेक वेळा फक्त 'टोमॅटो' आणि एक रंगीत चित्र असतं. वाण कळत नाही, तारीख नसते. कोकणपट्टीत टोमॅटो-वांग्याला जिवाणूजन्य मर रोगाचा त्रास असताना वाण कळायलाच हवा. अर्का रक्षकसारखा रोगाला तोंड देणारा संकरित वाण आणि कुठलाही अनोळखी टोमॅटो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त संकरित वाणाचं बी घरी धरून पुढच्या वर्षी लावू नका, तसंच झाड येत नाही.

शंका असेल तर दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. खाली दिलेल्या उगवणीच्या दिवसांत सहाहून कमी बियांना मोड आले तर एका कप्प्यात दोन बिया टाका. तीनच्या खाली असतील तर पाकीट सोडून द्या. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेल्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं. त्या हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मुलांच्या हाती देऊ नका.

पेरल्यावर काय दिसायला हवं

मिरची, टोमॅटो, वांगं अर्धा सेंटिमीटर खोल. भेंडी रात्रभर भिजवून दीड सेंटिमीटर. पिटुनियासारखं धुळीएवढं बी वरच ठेवायचं, झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. संचातल्या बाटलीचा फवारा जाड आहे, बी उडवतो. त्याऐवजी ट्रे परातीत बोटभर पाण्यात वीस मिनिटं ठेवा, खालून पाणी वर चढतं.

फेब्रुवारीच्या हवेत झेंडू आणि झिनिया चार-सहा दिवसांत येतात, काकडी चार-पाच, भेंडी पाच-सात, टोमॅटो सहा-आठ, वांगं सात-दहा. मिरचीला नऊ ते चौदा दिवस लागतात. आठव्या दिवशी कंटाळून ट्रे उकरणारे पुष्कळ आहेत. नका उकरू, तेव्हा मूळ नुकतंच फुटलेलं असतं.

पहिली खूण म्हणजे कोकोपीटला बारीकशी भेग. मग तिथून पांढुरका वाकलेला देठ वर येतो, डोकं अजून खालीच, कानातल्या डुलासारखा. उजेड लागला की काही तासांत हा वाक सरळ होतो, दलपत्रं ओढून बाहेर काढतो आणि हिरवी करतो. कधी बियांचं टरफल टोपीसारखं दलपत्रांवर अडकून राहतं. बी फार वर पेरलं किंवा वरचा थर सुकला की असं होतं. ओढून काढलंत तर शेंडा तुटतो. टोपीवर पाण्याचा थेंब ठेवा, अर्ध्या तासाने मऊ होऊन आपोआप सुटते.

झाकण पहिला कोंब दिसेपर्यंतच, तेही सावलीत. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत त्यापुढे झाकण ठेवलं की रोपं कोलमडतात. जमिनीलगत देठ पाण्यासारखा पारदर्शक होतो, बारीक पडतो आणि काल ताठ असलेलं रोप आज आडवं. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशींचं हे काम, आणि एकदा आडवं झालेलं रोप परत उठत नाही. तेवढे कप्पे कोकोपीटसकट काढून टाका, दोन दिवस पाणी थांबवा, पंख्याची हळू हवा द्या. लिटरला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) पेरतानाच ओतलेलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही. नंतर ओतून उपयोग थोडा. ओल्या ट्रेभोवती काळी चिलटं दिसली तर तेही पाणी जास्त झाल्याचंच लक्षण, वरचा थर सुकू द्या.

उजेडाचं गणित मात्र कुठल्याच पत्रकात नसतं. जानेवारीत दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्यावर सूर्य ठाण्याच्या थेट डोक्यावर असतो, त्यामुळे एप्रिलपासूनच वरच्या मजल्याचा स्लॅब ते ऊन कठड्यावर अडवतो. ज्या जागी फेब्रुवारीत रोपं गुटगुटीत झाली, तिथेच एप्रिलमध्ये ती लांब, फिकट आणि एका बाजूला झुकलेली होतात. ट्रे दर पंधरवड्याला कठड्याकडे सरकवा. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी दोननंतर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा. कबुतरांसाठी वेगळी जाळी हवीच, कोवळे शेंडे ती सकाळी सकाळी खुडतात.

उन्हाळी पेरणी कधी सुरू करायची, हे घरातला कढीपत्ता सांगतो. त्याच्या काड्यांवर कोवळी पोपटी पालवी फुटायला लागली, येऊरच्या बाजूला काटेसावर आणि पळस फुलले, की रात्रींचा गारवा ओसरलेला असतो. तिथून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस भेंडी-काकडीचे. मिरची-वांगं त्याआधी, संक्रांतीनंतर लगेच, म्हणजे कडक उन्हाआधी कुंडीत मूळ धरतात.

खत, लावणी आणि घ्यावं की नाही

कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं, आणि चतकोर गांडूळखत फार दिवस पुरत नाही. दलपत्रांनंतरची दोन खरी पानं आली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. टोमॅटो २५-३० दिवसांत, वांगं-मिरची ३०-४० दिवसांत लावणीला येते. काढण्याआधी तासभर पाणी द्या, खालच्या भोकातून पेन्सिलीने ढकला, देठाला धरून ओढू नका. लावणी संध्याकाळी.

लाकडी पट्ट्या पंधरा दिवसांत बुरशी धरतात, आईस्क्रीमचा डबा कापून त्यावर पेन्सिलीने लिहा.

पहिल्यांदाच करणाऱ्याला सगळं एका जागी मिळतं म्हणून संच घ्यायला हरकत नाही. ज्यांनी एकदा केलंय त्यांनी सुटा ट्रे, लो ईसी कोकोपीट आणि तारीख असलेली तीनच पाकिटं घ्यावीत. खर्च कमी होतो आणि जे उगवतं ते कुंडीपर्यंत पोचतं. हंगाम संपल्यावर ट्रे घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेला ट्रे ठिसूळ होतो. कपाटात ठेवलेला मेच्या शेवटी पावसाळी मिरची-वांग्यासाठी पुन्हा काढता येतो.