अपघाताचं रिकन्स्ट्रक्शन करून देणारी सर्व्हिस: वापरून झाल्यावर लिहितोय (थोडं लांबलंय)

रिकन्स्ट्रक्शन म्हणजे रस्त्यावरच्या आणि गाड्यांवरच्या खुणा मोजून अपघात नेमका कसा झाला ते काढणं. या सर्व्हिसबद्दल लोक सहसा लिहीत नाहीत कारण ज्यांना लागते ते त्या काळात भलत्याच टेन्शनमध्ये असतात आणि नंतर विषय नको वाटतो. म्हणून मी लिहितोय. फर्मचं नाव देत नाही, प्रकरण अजून चालू आहे. पण काम कसं करतात, काय मिळतं आणि कुठे डोकं फिरतं ते सगळं सांगतो.

प्रकरण थोडक्यात असं. माझा मामेभाऊ मेन रोडने सरळ चालला होता, बाजूच्या रस्त्यावरून एक गाडी पुढे आली आणि याने ब्रेक मारूनही ती ठोकली. जिवावर बेतलं नाही पण समोरच्या गाडीतल्या माणसाला बरंच लागलं. त्यांचं म्हणणं, हा शंभरच्या वर होता आणि दिवेलागणीची वेळ असून हेडलाइट बंद होते. याचं म्हणणं, मी साठवर होतो, लिमिटही साठच आहे आणि लाइट चालू होते. साक्षीदार तीन आणि तिघांचे आकडे तीन. वकिलांनी सांगितलं की तोंडी भांडत बसण्यापेक्षा रिकन्स्ट्रक्शन करून घ्या, म्हणून मामांनी ही फर्म लावली.

काम ज्यांनी केलं त्या मॅडम मेकॅनिकल इंजिनिअर, वर्षानुवर्षं हेच करतायत. पहिल्या मीटिंगमध्येच त्यांनी मामांना सांगितलं, "काका, फी तुम्ही देताय, उत्तर मात्र रस्ता देईल. चालणार असेल तर पुढे जाऊ." तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची किंमत पुढे कळली, येतो त्यावर.

आता खरं काम. लोकांना वाटतं हे म्हणजे कॉम्प्युटरवर दोन गाड्या आपटून दाखवायच्या. तसं अजिबात नाहीये, बहुतेक वेळ टेप, कॅमेरा आणि रस्त्यावर उकिडवं बसण्यात जातो. आमची गाडी जुनी, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) नसलेली, त्यामुळे चाकं लॉक होऊन रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटले होते. एबीएसवाल्या गाडीचे पट्टे फिके, तुटक असतात आणि कधी दिसतही नाहीत, म्हणजे या बाबतीत जुनी गाडी कामाला आली. पण मॅडम पोचेपर्यंत ट्रॅफिक आणि पावसाने पट्टे जवळपास पुसले होते. पोलिसांनी त्या रात्री काढलेले फोटो होते, त्यात रस्त्याची एक भेग आणि ड्रेनेजचं झाकण दिसत होतं. ती दोन्ही अजून जागेवर होती, त्यांची मापं घेऊन फोटोतल्या पट्ट्याची लांबी काढली, फोटोग्रामेट्री म्हणतात त्याला. ती आली 22 मीटर. शिवाय डांबरात एक खोल ओरखडा होता, ठोकर बसल्यावर गाडीचा खालचा लोखंडी भाग रस्त्यात घुसतो त्याचा. तो पावसाने जात नाही. जिथे तो ओरखडा होता तिथेच फोटोत टायरचा पट्टा एकदम वाकडा झालेला होता, म्हणजे टक्कर बरोबर कुठे झाली याचा वादच संपला, आणि तोपर्यंत दोन्ही बाजू त्यावरच भांडत होत्या.

मग त्यांनी त्याच रस्त्यावर, तसल्याच गाडीला अ‍ॅक्सेलरोमीटरचा डबा (वेग किती झपाट्याने कमी होतो ते मोजणारा) लावून कचकन ब्रेक मारून बघितले. रस्ता कोरडा, तसा अपघाताच्या दिवशीही कोरडाच होता. घर्षणाचा गुणांक, म्हणजे रस्ता टायरला किती पकडतो तो आकडा, आला 0.7 च्या आसपास. कोरड्या डांबराला साधारण एवढाच येतो, ओल्यावर बराच खाली जातो, बर्फावर तर 0.1 वगैरे. पुस्तकातला आकडा उचलून लावता आला असता, पण त्यांनी जागेवर मोजला, इथे माझ्याकडून फुल मार्क.

गणित मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, कोणीही करून बघा. घसरत थांबलेल्या गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग म्हणजे 254 गुणिले घर्षण गुणिले मीटरमधली लांबी, याचं वर्गमूळ. नुसते 22 मीटर धरले तर 63 येतात. मामेभाऊ हे ऐकून खूश, म्हणाला बघा साठ म्हणालो होतो ना. मॅडम म्हणाल्या, "थांब, तुझी गाडी पट्ट्याच्या शेवटी थांबली कुठे? तिथे तर आदळली." म्हणजे पट्ट्याच्या शेवटीही वेग शिल्लक होताच, आणि तो वेगळा काढून जोडावा लागतो. आणि जोडायचा तोही सरळ बेरीज करून नाही, दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि मग वर्गमूळ, कारण खर्च होते ती ऊर्जा आणि ती वेगाच्या वर्गाच्या हिशोबात जाते. धडकेच्या क्षणीचा वेग काढायला दोन्ही गाड्यांची वजनं (आत बसलेली माणसं, डिकीतलं सामान, सगळं धरून), त्या कुठल्या कोनात आल्या, आदळून कुठल्या दिशेला आणि किती लांब सरकल्या हे घेतात आणि संवेगाचा नियम लावतात, शाळेत शिकलेलाच. त्यातून आमच्या गाडीचा आला साधारण 45. मग 45 चा वर्ग अधिक घसरणीच्या 63 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 77.

म्हणजे शंभरही नाही आणि साठही नाही.

रिपोर्टमध्ये मात्र त्यांनी 77 असं ठोकून लिहिलं नाही, 73 ते 81 अशी रेंज दिली. घर्षण 0.65 धरलं तर एवढा, 0.75 धरलं तर तेवढा, धडकेचा वेग 42 ते 48 च्या मध्ये, असं सगळं उघड मांडून. मामांना ते आवडलं नाही, त्यांना वाटलं हे काय मोघम. मला उलट वाटलं. जो माणूस मोडक्या पत्र्याकडे बघून "76.4" सांगतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि हे साक्षीदारांचे आकडे असे फुगतातच. डायनाच्या पॅरिसमधल्या 1997 च्या अपघातात सुरुवातीला वेगाचे काय काय आकडे छापून आले होते, 2006 च्या ब्रिटिश पोलिसांच्या ऑपरेशन पॅजेट रिपोर्टमध्ये तो ताशी 100 किलोमीटरच्या आसपास निघाला. लिमिट 50 चं होतं म्हणा, म्हणजे दुप्पट, पण अफवांपेक्षा खूपच कमी.

हेडलाइटचा भाग सगळ्यात भारी होता, त्यासाठीच वाटलं पैसे वसूल. आमच्या गाडीला साधे हॅलोजन बल्ब. मॅडमनी दोन्ही दिवे काढून पाकिटात सील केले आणि भिंगाखाली दाखवले. चालू बल्बची तार तापून मऊ झालेली असते, त्यामुळे धक्का बसला की ती ताणली जाते, वेटोळं सैल होऊन एका बाजूला लोंबतं. बंद बल्बची थंड तार असं करत नाही, फार तर काचेसारखी कट्कन तुटते. आमच्या डाव्या दिव्यातलं वेटोळं स्पष्ट ताणलेलं होतं, अगदी नवख्यालाही दिसेल असं. उजव्याची काच फुटली होती आणि आत तारेच्या आधाराच्या काड्यांवर पिवळट पांढरी भुकटी बसली होती. तापलेल्या टंगस्टनला हवा लागली की त्याचं ऑक्साइड होतं ते. म्हणजे काच फुटली तेव्हा दिवा चालू होता. हेडलाइट बंद होते हा आरोप तिथेच गेला, त्यासाठी कुणाची साक्ष लागली नाही. हे एलईडी दिव्यांना चालत नाही हं, त्यात तारच नसते, त्यामुळे नव्या गाड्यांमध्ये हा पुरावा संपलाच म्हणायचा.

नव्या गाड्यांमध्ये त्याऐवजी ईडीआर असतो, इव्हेंट डेटा रेकॉर्डर, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्येच बसलेला. समोरची गाडी नवी होती, त्यांच्या इन्शुरन्सने वकिलांमार्फत त्याचा प्रिंट दिला. धडकेच्या आधीची पाच सेकंदं, दर अर्ध्या सेकंदाला एक ओळ, म्हणजे अकरा ओळींचा छोटासा तक्ता. वेग 18 च्या आसपास आणि ब्रेकच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ऑफ, ऑफ, ऑफ. म्हणजे मेन रोडला येताना तो बाबा थांबलाच नाही, थांबून बघून निघालो असं त्याने जबाबात सांगितलं होतं. मॅडमनी इथेही सावध केलं की ईडीआर म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. त्यातला वेग बहुतेक चाकांच्या फिरण्यावरून येतो, चाक लॉक झालं की तो खोटा खाली पडतो, टायरचा साइज बदलला असेल तर फरक पडतो, आणि एअरबॅग उघडली नसेल तर ती नोंद पुढच्या एखाद्या धक्क्याने पुसलीही जाऊ शकते. म्हणून गाडी भंगारात द्यायची किंवा परत चालवायची घाई करू नका, हे मात्र कुणीतरी पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे.

आता तो भाग ज्यावरून घरात वाजलं. रिपोर्टचं शेवटचं प्रकरण होतं, हा अपघात टळला असता का. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरतात. 77 च्या वेगाने त्यात 32 मीटर गेले, पुढे 22 घसरणीचे, म्हणजे मामेभावाला धोका कळला तेव्हा तो धडकेच्या जागेपासून 54 मीटर मागे होता. तोच जर 60 वर असता तर 25 मीटर रिअ‍ॅक्शनचे आणि 20 ब्रेकचे, 45 मध्ये गाडी उभी. नऊ मीटर आधी. 70 वर असता तर आदळला असता पण बाविसेकच्या वेगाने, तेवढ्यात पत्रा चेपला असता, कुणाला फारसं लागलं नसतं.

मामा तडकलेच. "पैसे आपण द्यायचे आणि हे आपल्याच विरोधात?" मॅडमनी शांतपणे तक्ता पुढे केला. रिअ‍ॅक्शन एक सेकंद धरा, दोन धरा, घर्षण वर खाली करा, 60 ला गाडी थांबतेच. संध्याकाळचा उजेड कमी होता, म्हणून दोन सेकंदंही त्यांनी मुद्दाम बघितली होती. आमच्या वकिलांनी मात्र लगेच ओळखलं की हा रिपोर्ट आमच्या कामाचाच आहे. शंभरचा आरोप उडाला, लाइटचा उडाला, समोरचा न थांबता आला हे निघालं आणि सतराचा जादा वेग आपल्या पदरात, जो तसाही त्यांच्या तज्ज्ञाने काढलाच असता. मामेभाऊ त्यानंतर साठ हा शब्द उच्चारत नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार अ‍ॅनिमेशनची. पॅकेजमध्ये थ्रीडी व्हिडिओ होता, तो मॅडमचा नाही, ऑफिसातल्या दुसऱ्या टीमचा. गाड्या चकचकीत, झाडं हिरवीगार आणि लख्ख दुपारचं ऊन! अपघात झाला दिवेलागणीला. हेडलाइटवरून एवढी बल्बची तपासणी केली आणि व्हिडिओत दिवे चालू आहेत की बंद तेच कळत नाही. समोरच्या वकिलाने हा एकच व्हिडिओ धरून आख्ख्या रिपोर्टची टिंगल केली असती. सांगितल्यावर बदलून दिला पण त्याला वेळ लावला. मॅडम स्वतःच म्हणाल्या की सिम्युलेशन (ते ऑस्ट्रियात बनलेलं पीसी-क्रॅश वापरतात) हे हाताने काढलेलं गणित ताडून बघायला असतं, आकडे फिरवले की ते हवं तसं सुंदर चित्र देतं. मग तेच चित्र ब्रोशरच्या पहिल्या पानावर कशाला छापता राव.

दुसरं, ऑफिसचा फोन. साइट व्हिजिट कधी, रिपोर्ट कधी, कुणी धड सांगत नाही, दर वेळी वेगळा माणूस उचलतो आणि पहिल्यापासून सगळी कथा ऐकून घेतो. मॅडमचा डायरेक्ट नंबर मिळाल्यावरच गाडी हलली. रिपोर्टची भाषाही जड आहे, पहिली काही पानं नुसती कंपनीची ओळख आणि अटी, जे हवं ते खूप आत. एक पानाचा सारांश पुढे टाकला असता तर मामांचा बीपी वाढला नसता. किंवा लवकर वाढला असता, काय माहीत.

कुणी लावणार असाल तर एवढं विचारा की घर्षण जागेवर मोजणार का आणि उत्तर रेंजमध्ये देणार का. सर्टिफिकेट असतात, अमेरिका कॅनडाकडे अ‍ॅक्टार नावाच्या, या कामाच्या तज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं चालतं, ते असलं तर चांगलंच, पण आमच्या मॅडमकडे ते नव्हतं आणि काम चोख होतं. जी फर्म फोनवरच "तुमच्या बाजूने करून देऊ" म्हणते तिला लांबूनच नमस्कार करा, समोरचा तज्ज्ञ तासाभरात फाडून टाकतो असला रिपोर्ट.

मॅडमना पाच स्टार, व्हिडिओवाल्यांना दोन, ऑफिसच्या फोनला एक तोही उदारपणे. आणि पीडीएफ घेतानाच स्केल ड्रॉइंगची मूळ फाईल, सगळे फोटो मूळ साइजमध्ये आणि ब्रेक टेस्टचा कच्चा डेटा मागून घ्या, दुसऱ्या बाजूचा तज्ज्ञ तेच मागतो. आम्ही मागितला तेव्हा अर्धाच आला, उरलेला आज पाठवतो म्हणालेत.