उभ्या गाडीचे टायर बसू नयेत म्हणून घेतलेले टायर क्रेडल: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

ज्यांची गाडी महिना-दोन महिने एकाच जागी उभी राहते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकाच जागी दबून टायर सपाट होऊ नयेत म्हणून खाली ठेवायचे खोलगट ठोकळे, म्हणजे टायर क्रेडल, गेल्या दिवाळीच्या सुमाराला चार घेतले. तेव्हापासून हिवाळा, उन्हाळा आणि निम्म्याहून जास्त पावसाळा त्यांनी पाहिला. माझं मत आधीच सांगतो. वस्तू कामाची आहे, पैसे वाया गेले नाहीत. पण टायरमधली हवा सांभाळली नाही तर तिचा निम्माच उपयोग होतो, आणि दर आठवड्याला गाडी बाहेर काढणाऱ्याला तिची गरजच नाही.

आमची पेट्रोल सेडान आहे, टायर १७५/६५ आर १५. घर कोल्हापुरात राजारामपुरीत, वर्कशॉप तिथंच शिवाजी उद्यमनगरात. त्यामुळं रोजची ये-जा स्कूटरवर, कार फक्त लांबच्या कामाला. लेक बंगळूरला असते. आम्ही दोघं रेल्वेनं तिच्याकडं गेलो की दोन-अडीच महिने गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी. परत आल्यावर गाडी काढली की ४०-५० च्या वेगाला सीटखाली एका लयीत थडथड सुरू व्हायची. उजळाईवाडीवरून हायवेला लागलं, गोकुळ शिरगाव मागं पडलं की कमी होत जायची आणि कागल येईपर्यंत टायर तापून गाडी सरळ पळायची. गेल्या वर्षी मात्र कागल गेलं, निपाणी आली, तरी थडथड थांबेना.

एका टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करून घेतलं. मशीनवर चारही चाकं शून्य दाखवत होती, तरी थडथड तशीच. मग त्यांनी रिम वाकल्याचं सांगितलं, आणि शेवटी, "काका, चार नवे टाका, विषय संपला." चार टायर म्हणजे वीस हजारांच्या घरात खर्च. मोजल्याशिवाय इतके पैसे घालवायची माझी तयारी नव्हती.

गाडी वर्कशॉपला नेली, एकेक चाक जॅकवर उचललं आणि मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज (काट्यानं उंचीतला बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावला. टायरच्या मधल्या अखंड पट्टीवर टोक टेकवलं आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. चांगल्या टायरला काटा अर्ध्या मिलिमीटरच्या आत हळूहळू वर-खाली होतो, ते चालतं. आमच्या पुढच्या दोन्ही टायरांना एका जागी काटा एकदम दीड मिलिमीटरनं पडत होता आणि तळहाताएवढं अंतर सरकलं की परत वर येत होता. त्या जागेवर खडूनं खूण केली. रिमला गेज लावला तर रिम सरळ होतं. आमचा फिटर म्हणाला, "मालक, वजन लावून हे जानार न्हाई. टायर बसलाय." त्याचं बरोबर होतं. बॅलन्सिंगनं वजनातला फरक निघतो, आकारातला निघत नाही. मागच्या टायरांचा खड्डा कमी होता, ते पुण्याला एकदा जाऊन आल्यावर सुधारले. पुढचे दोनच बदलले.

पुढचेच का जास्त बसले, त्याचा हिशेब सोपा आहे. गाडीचं वजन अकराशे किलोच्या आसपास. इंजिन पुढं असल्यामुळं साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर, म्हणजे एका टायरवर तीनशे तीस किलो. ३३ पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की जमिनीला टेकलेला भाग १४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढाच तुकडा महिनोन्‌महिने सपाट दाबला जातो. त्यात रेडियल टायरच्या स्टीलच्या पट्ट्यांवर बहुतेक वेळा नायलॉनचा थर असतो. नायलॉन ५० अंशांच्या आसपास नरम पडतं आणि थंड होताना ज्या आकारात असेल तो आकार धरून बसतं. हायवेवरून तापून आलेली गाडी तशीच पोर्चमध्ये लावून गावाला गेलं की हेच होतं. चार-आठ दिवसांचा बसका टायर पुन्हा तापला की सुटतो, पण महिनोन्‌महिने दाबलेला, त्यातून हवा कमी असलेला, पूर्ण सुटेलच असं नाही.

आता क्रेडलबद्दल. जाड प्लास्टिकचा ठोकळा, वरून खोलगट. टायर सपाट फरशीऐवजी त्या गोलाईत बसतो, त्यामुळं भार मोठ्या भागावर पसरतो आणि टायरची गोलाई मोडत नाही. इथं सगळा खेळ गोलाईचा आहे. क्रेडलची गोलाई टायरपेक्षा लहान असेल तर टायर मधे न टेकता दोन कडांवर अडकतो आणि एकाऐवजी दोन ठिकाणी दाबला जातो. आमच्या टायरचा व्यास ६१ सेंटिमीटर आहे. क्रेडल आल्यावर मी आतून खडू घासला, गाडी चढवली आणि उतरवली. टायरवर पांढरा पट्टा मधोमध, सलग आणि लांब उमटला. म्हणजे बैठक बरोबर. कडांनाच दोन पट्टे उमटले असते, तर त्याच दिवशी परत पाठवले असते. घेणाऱ्यानं ही खडूची चाचणी केल्याशिवाय बिल टाकून देऊ नये.

चारही मिळून साडेसहा हजार रुपये पडले. एकाला कडेला चीर होती. विकणाऱ्यानं बदलून दिला, पण फोटो पाठवण्यात आणि फोन करण्यात बरेच दिवस गेले. बाकी तीन दणकट आहेत, आणि बदलून आलेलाही.

चढवणं मात्र पहिल्यांदा जिकिरीचं जातं. पोर्चला गुळगुळीत टाइल्स आहेत. पुढची चाकं फिरली की क्रेडल मागं सटकायचे. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून खाली घातले, तेव्हा ते जागेवर राहिले. चारही चाकं एकदमच चढायला हवीत, म्हणून क्रेडलमधलं अंतर गाडीच्या व्हीलबेसएवढं (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर), आमच्या गाडीला २६० सेंटिमीटर, मोजून घ्यावं लागतं. मी टाइल्सवर ऑइलपेंटनं कोपरे आखून ठेवलेत. आता मिसेस एकट्या गाडी चढवतात.

पावसाळ्यात एक फायदा असा मिळाला, ज्याची जाहिरात कुणी करत नाही. गाडी त्या खोलगट भागात आपोआप थांबून राहते, त्यामुळं हँडब्रेक ओढायची गरज उरत नाही. आमच्या पोर्चला गेटकडं उतार आहे, तरी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली की हलत नाही. ओल्या हवेत हँडब्रेक ओढून महिनाभर उभ्या असलेल्या गाडीचे मागचे ब्रेक शू ब्रेकच्या ड्रमला चिकटतात आणि निघताना 'कडक' आवाज येतो, हे कोल्हापुरात गाडी असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. यंदा तो आवाज आला नाही. गैरसोय एकच. क्रेडलला बाजूनं कड असल्यामुळं तिरप्या पावसाचं पाणी आत साठतं. आधी पाणी, मग डास. ८ मिलिमीटरच्या बिटनं प्रत्येकाला दोन भोकं पाडली, आता थेंबही राहत नाही. हे कारखान्यातूनच करून यायला हवं होतं.

आता निकाल. हिवाळ्यात बंगळूरहून आल्यावर गाडी क्रेडलवरून उतरवली आणि थंड टायरलाच गेज लावला. पुढच्या नव्या टायरांना एकदम पडणारा काटा कुठंही दिसला नाही. मागच्या टायरांना जुन्या खड्ड्याची पुसट खूण होती, ती वाढलेली नव्हती. गाडी पहिल्या चौकापासून गुळगुळीत चालली.

मे महिन्यात जाताना मुद्दाम वेगळं करून बघितलं. पुढची चाकं क्रेडलवर, मागची थेट फरशीवर, आणि चारही टायरांत हवा ४०. परत आल्यावर मागच्या टायरांना अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी खड्डा सापडला आणि कागलला जाऊन आल्यावर तोही गेला. यावरून माझं ठाम मत झालं की मागच्या हलक्या चाकांना हवेनंच भागतं. बजेट कमी असेल तर पुढच्या चाकांसाठी दोनच क्रेडल घ्या आणि उरलेल्या पैशांत १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर घ्या.

हवेचं जरा सविस्तर सांगतो, कारण लोक इथंच कमी पडतात. ठणठणीत टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते. शिवाय तापमान १० अंशांनी उतरलं की आणखी दोनेक पीएसआय कमी. म्हणजे ३० वर लावून गेलेली गाडी जानेवारीच्या पहाटे २५ च्या आसपास उभी असते. मी जाताना थंड टायरमध्ये ४० भरतो. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या आतच राहायचं. ४० ला टेकणारा भाग १४० वरून ११५-१२० चौरस सेंटिमीटरवर येतो. परत आल्यावर गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी दाराजवळच्या स्टिकरवर असेल तेवढी हवा करायची. ४० वर ब्रेकची पकड कमी होते, विशेषतः पावसात.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून का ठेवत नाही, असं बरेच जण विचारतात. शिरोळकडच्या आमच्या पाहुण्यांकडं गळीत हंगाम संपला की उसाची ट्रॉली ॲक्सलखाली ठोकळे देऊन उचलून ठेवतात. ट्रॉलीला ते योग्यच आहे. कारचं सस्पेन्शन मात्र महिनोन्‌महिने लोंबकळत राहतं आणि त्याच्या सांध्यांतले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात. त्याहून मोठं कारण पुराचं. माझे मेहुणे शाहूपुरी कुंभार गल्लीकडं राहतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेलं होतं. घरचे गावाला गेलेले असताना घोड्यांवरची गाडी शेजाऱ्यांनी कशी उतरवायची? क्रेडलवरची गाडी किल्ली फिरवली की निघते. मी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून जातो आणि १० नंबरचा पाना किल्लीच्या जुडग्यालाच बांधून शेजारच्या काकूंकडं ठेवतो. त्यांच्या मुलाला वायर लावून दाखवली आहे.

ओळखीच्या एकानं उद्यमनगरातच ५ मिलिमीटरचा पत्रा रोल करून लोखंडी क्रेडल करून घेतलेत. गोलाई उत्तम जमली आहे, वजनाला भारी आहेत, सरकत नाहीत. पण रेड ऑक्साइडचे दोन हात देऊनही पहिल्या पावसात कडा गंजल्या. टायर आणि पत्रा यांच्यात रबराची शीट हवीच. जाड फोमचे सपाट तुकडे टायरखाली घालणारेही आहेत. फोम वजनानं बसतो आणि खाली पुन्हा सपाटच राहतं, त्यावर खर्च करू नका.

क्रेडलनं रबराचं वय थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. टायरच्या बाजूवर 'DOT' (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ते टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२१९ असेल तर २०१९ चा ३२ वा आठवडा. पाच वर्षं उलटली की दरवर्षी बाजूच्या भेगा तपासून घ्या, टायर कितीही गोल असला तरी.

मोठी एसयूव्ही असेल तर मागवण्याआधी टायरचा व्यास टेपनं मोजा. बऱ्याच एसयूव्हींचा तो ७० सेंटिमीटरच्या वर जातो आणि आमच्यासारखे क्रेडल त्यांना कडांवरच अडकतील. रुंदीही बघा. आमचा क्रेडल २५ सेंटिमीटर रुंद आहे, २३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला त्यात जेमतेम बोटभर जागा उरेल.