आयओएस ॲपसाठी लायब्ररी थेट रेपोतून: कोकोपॉड्स, स्विफ्ट पॅकेज मॅनेजर, कार्थेज की सबमॉड्यूल?

लायब्ररी थेट गिट रेपोतून (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याच्या जागेतून) घ्यायची वेळ साधारण तीन कारणांनी येते. ती कंपनीच्या खाजगी रेपोत असते, किंवा तिच्यातला बग तुम्ही स्वतःच्या फोर्कमध्ये, म्हणजे त्या रेपोच्या स्वतंत्र प्रतीत, दुरुस्त केलेला असतो, किंवा दुरुस्ती मुख्य ब्रांचवर आलेली असते पण नवी आवृत्ती अजून निघालेली नसते. या तिन्ही वेळी कोकोपॉड्स, स्विफ्ट पॅकेज मॅनेजर (पुढे एसपीएम), कार्थेज (ही तिन्ही ॲपसाठी लायब्ररी आणून जोडणारी साधनं) आणि साधं गिट सबमॉड्यूल (रेपोच्या आत दुसरा रेपो) हे चारच मार्ग समोर असतात.

घाईत असाल तर कौल आधीच सांगून टाकतो. नवा, निव्वळ स्विफ्टचा प्रोजेक्ट असेल तर एसपीएम. रिॲक्ट नेटिव्हचा किंवा आधीच वीस-पंचवीस पॉड (कोकोपॉड्समधून घेतलेल्या लायब्ररी) असलेला जुना प्रोजेक्ट असेल तर तूर्त कोकोपॉड्सच. ॲप आणि लायब्ररी दोन्हींवर रोज तुमचीच टीम काम करत असेल तर सबमॉड्यूल. कार्थेज आधीपासून असेल तर चालू द्या, नव्याने आणू नका.

रेपोच्या मुळाशी कोणती फाइल आहे?

निम्मा निर्णय इथेच होतो. एसपीएमला रेपोच्या मुळाशी 'पॅकेज डॉट स्विफ्ट' ही फाइल हवी. ती एखाद्या उपफोल्डरमध्ये असेल तर रेपोच्या पत्त्यावरून पॅकेज सापडत नाही. कोकोपॉड्सला मुळाशी पॉडस्पेक, म्हणजे लायब्ररीचं वर्णन करणारी फाइल, लागतं. कार्थेजला वेगळी फाइल लागत नाही, पण एक्सकोड प्रोजेक्टमधली स्कीम (काय आणि कसं बांधायचं याची नोंद) 'शेअर्ड' केलेली असावी लागते. नसेल तर बांधायला काही सापडलं नाही म्हणून ते थांबतं. सबमॉड्यूलची काहीच अट नाही, कारण तो फक्त फोल्डर आणून ठेवतो. पुढचं सगळं तुम्ही करायचं.

नावावरूनही बरेच अडकतात. रेपोचं, पॉडचं आणि मॉड्यूलचं नाव एकच असेल असं नाही. आलेख काढणारी चार्ट्स ही लायब्ररी घ्या. ॲपलने आयओएस १६ सोबत त्याच नावाचं स्वतःचं फ्रेमवर्क आणलं, म्हणून पाचव्या आवृत्तीपासून या लायब्ररीच्या पॉडचं आणि मॉड्यूलचं नाव 'डीजीचार्ट्स' झालं. रेपो मात्र 'चार्ट्स'च राहिला. पॉडफाइलमध्ये (ॲपला कोणते पॉड हवेत त्या यादीत) रेपोचं नाव लिहिलंत तर स्पेसिफिकेशन सापडत नाही असा एरर येतो आणि माणूस उगाच गिटचा पत्ता तपासत बसतो. पत्ता बरोबरच असतो.

लायब्ररीची लायब्ररी

खरी कसोटी इथे लागते, आणि निवड चुकल्याचं कळतंही इथेच.

कोकोपॉड्समध्ये गिटचा पत्ता फक्त ॲपच्या पॉडफाइलमध्ये देता येतो. पॉडस्पेकमध्ये डिपेन्डन्सी (लायब्ररीला लागणारी दुसरी लायब्ररी) म्हणून नाव आणि आवृत्ती लिहिता येते, रेपोचा पत्ता नाही. त्यामुळे तुमची खाजगी 'पेमेंट' लायब्ररी दुसऱ्या खाजगी 'नेटवर्क' लायब्ररीवर टेकलेली असेल, तर ॲपच्या पॉडफाइलमध्ये दोन्हींचे पत्ते लिहावे लागतात. लायब्ररी दोन-तीन असतील तर हे निभतं. दहाच्या पुढे गेलात तर खाजगी स्पेक रेपो उभारा: पॉडस्पेक ठेवण्यापुरता एक वेगळा गिट रेपो काढायचा आणि पॉडफाइलच्या सुरुवातीला 'सोर्स' म्हणून त्याचा पत्ता द्यायचा. तो देताना सार्वजनिक सोर्सही स्पष्ट लिहावा लागतो. तो विसरलात तर कालपर्यंत मिळणारे सार्वजनिक पॉड अचानक सापडेनासे होतात.

एसपीएममध्ये हा त्रास नाही. प्रत्येक पॅकेज आपल्या डिपेन्डन्सीचा पत्ता स्वतःच सांगतं आणि साखळी आपोआप सुटत जाते. पण एक नियम कडक आहे. जे पॅकेज तुम्ही आवृत्तीने घेता, ते पुढे ब्रांच किंवा कमिटवर (नोंदवलेल्या एका बदलावर) टेकलेलं चालत नाही. 'पेमेंट' १.४.० वर आणि तिच्या आत 'नेटवर्क' थेट मुख्य ब्रांचवर, असं असेल तर स्थिर पॅकेज अस्थिर पॅकेजवर अवलंबून असल्याची तक्रार येते. यावर उपाय दोनच: 'नेटवर्क'ला टॅग (ठरावीक कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव) लावा, नाहीतर ॲपमध्ये 'पेमेंट'ही ब्रांचनेच घ्या. पहिला करा. दुसऱ्याने काम आज भागतं, पण महिनाभरात कोणत्या बिल्डमध्ये कोणता कोड गेला ते सांगता येत नाही. 'अनसेफ फ्लॅग्ज' (कंपायलरला थेट दिलेले पर्याय) वापरणारं पॅकेजही आवृत्तीने घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

कार्थेजही साखळी सोडवतं, कार्टफाइल या आपल्या यादीच्या फाइलमधून. सबमॉड्यूलमध्ये सोडवणारं कुणी नाही. दोन लायब्ररींना तिसरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर तो तंटा तुम्हीच मिटवायचा.

टॅग, ब्रांच आणि लॉक फाइल

एसपीएम आणि कार्थेज आवृत्ती ओळखतात ती टॅगवरून. '१.४.०' किंवा पुढे 'व्ही' लावलेला टॅग चालतो, 'रिलीज-१.४.०' असा टॅग लावलात तर एसपीएमच्या लेखी ती आवृत्तीच नाही.

लावलेला टॅग मागाहून दुसऱ्या कमिटवर सरकवणं हा या कामातला सगळ्यात महागडा शॉर्टकट. एसपीएम प्रत्येक आवृत्तीचा कमिट नोंदवून ठेवतं आणि नंतर तो जुळला नाही की थेट अडवतं. कोकोपॉड्स इतकं सावध नाही. पॉडफाइलमध्ये ब्रांच दिली असेल तर लॉक फाइलमध्ये (प्रत्यक्ष काय उतरवलं त्याच्या नोंदीत) नेमका कमिट लिहिला जातो, पण टॅग दिला असेल तर टॅगचं नावच राहतं. भरीला कोकोपॉड्सचा कॅशे असतो. मग तुमच्या मॅकवर कॅशेमधला जुना कोड, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) ताजा ओढलेला नवा, आणि दोन्हीकडची लॉक फाइल सारखीच दिसते. 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य इथूनच येतं. दुरुस्ती झाली की १.४.१ काढा, आकडे फुकट असतात.

लॉक फाइल कमिट करायलाच हवी: 'पॉडफाइल डॉट लॉक', 'पॅकेज डॉट रिझॉल्व्ड', 'कार्टफाइल डॉट रिझॉल्व्ड'. यातली पॅकेजची फाइल एक्सकोड प्रोजेक्टच्या पोटात, 'एक्ससीशेअर्डडेटा'च्या आत असते, आणि सरसकट लिहिलेल्या गिटइग्नोरमुळे गुपचूप वगळली जाते. तसंच सीआयवर 'पॉड अपडेट' नको, 'पॉड इन्स्टॉल' हवं. 'कार्थेज अपडेट' नको, 'कार्थेज बूटस्ट्रॅप' हवं. एसपीएमसाठी 'एक्सकोडबिल्ड'ला आपोआप नवी आवृत्ती शोधू नको असं सांगणारा पर्याय आहे, तो लावा.

खाजगी रेपो आणि सीआय

कोकोपॉड्स, कार्थेज आणि सबमॉड्यूल मशीनवरचं गिट वापरतात, म्हणून टर्मिनलमधून क्लोन होतंय तर इथेही होतं. एसपीएमचं एक्सकोडमधलं वागणं वेगळं आहे. एक्सकोडचं स्वतःचं गिट तुमची एसएसएच कॉन्फिग नेहमी मानतंच असं नाही. 'एक्सकोडबिल्ड'ला '-एससीएमप्रोव्हायडर सिस्टम' दिलं की ते मशीनचं गिट वापरतं आणि बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो. त्यानंतरही होस्ट-कीची पडताळणी फसत असेल, तर सीआय मशीनच्या 'नोन होस्ट्स' फाइलमध्ये गिट सर्व्हरची नोंद नाही, इतकंच कारण असतं.

पत्ता सगळीकडे एकाच पद्धतीचा ठेवा. ॲपमध्ये एचटीटीपीएस आणि लायब्ररीच्या आत एसएसएच असेल तर एकाच पॅकेजचे दोन पत्ते झाल्याचा इशारा येतो.

वेळेच्या बाबतीत एसपीएम मागे पडतं. ते रेपोचा पूर्ण इतिहास उतरवतं. रेपोत कुणी पूर्वी मोठ्या बायनरी टाकून नंतर काढल्या असतील तरी त्या ओढल्या जातात. सीआयवर क्लोन केलेल्या पॅकेजचं फोल्डर ठरावीक जागी ठेवून कॅशे करा आणि कॅशेची किल्ली 'पॅकेज डॉट रिझॉल्व्ड'वरून बनवा. इथे कार्थेजची एक जमेची बाजू आहे: फ्रेमवर्क एकदा बांधलं की ॲपच्या बिल्डमध्ये ते पुन्हा कंपाइल होत नाही. फक्त 'यूज-एक्ससीफ्रेमवर्क्स' हा पर्याय हवा. २०२० मधल्या एक्सकोड १२ पासून सिम्युलेटरचा कोडही डिव्हाइससारखाच आर्म६४ या प्रोसेसर-प्रकारासाठी बनू लागला, आणि डिव्हाइस व सिम्युलेटरचे तुकडे एकाच फ्रेमवर्कमध्ये जोडण्याची कार्थेजची जुनी रीत तिथेच मोडली.

फोर्क आणि लायब्ररीतले बदल

फोर्क केलात तर रेपोचं नाव बदलू नका. एसपीएम पॅकेजची ओळख पत्त्याच्या शेवटच्या भागावरून ठरवतं. नाव बदललं आणि दुसरी एखादी लायब्ररी मूळ रेपोवर टेकलेली असली, तर दोन्ही उतरतात आणि एकाच नावाची दोन टार्गेट्स म्हणून बिल्ड फुटतो.

लायब्ररीचा कोड हाताशी ठेवून बदलायचा असेल तर एसपीएममध्ये तिचं फोल्डर एक्सकोडच्या प्रोजेक्टमध्ये ओढून टाका. त्याच ओळखीचं रिमोट पॅकेज तेवढ्यापुरतं बाजूला पडतं. कोकोपॉड्समध्ये गिटऐवजी 'पाथ' द्यायचा. सबमॉड्यूलमध्ये कोड आधीच समोर असतो, पण तिथली खोड जुनीच: लायब्ररीतला कमिट पुश न करता ॲपचा पुश केला की बाकीच्यांना तो कमिट मिळत नाही. 'गिट पुश'ला सबमॉड्यूल तपासायला सांगणारा पर्याय आहे, तो कायमचा चालू ठेवा.

कोकोपॉड्सवरून आत्ताच उठायचं का?

कोकोपॉड्सचं ट्रंक, म्हणजे सार्वजनिक पॉड नोंदवण्याची जागा, २ डिसेंबर २०२६ पासून फक्त वाचनापुरतं राहील असं जाहीर झालेलं आहे. आधी नोंदवलेले पॉड त्यानंतरही उतरतील, नवी आवृत्ती तिथे चढणार नाही. गिटच्या पत्त्याने किंवा खाजगी स्पेक रेपोतून घेतलेल्या पॉडचा ट्रंकशी संबंधच नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी धावपळ करायला नको. अडचण होईल ती सार्वजनिक पॉडांची, ज्यांच्या नव्या आवृत्त्या पुढे फक्त एसपीएमला मिळतील.

हलवायचंच ठरलं तर ज्यांच्यावर दुसरा कुठलाही पॉड टेकलेला नाही अशा लायब्ररींपासून सुरुवात करा. दोन्ही साधनं एका प्रोजेक्टमध्ये सुखाने नांदतात, मात्र एकच लायब्ररी दोन्हीकडून यायला नको. ती स्टॅटिक (ॲपमध्येच मिसळणारी) असेल तर 'डुप्लिकेट सिम्बॉल'वर लिंकिंग थांबतं. डायनॅमिक (वेगळी राहून ॲपसोबत लोड होणारी) असेल तर बिल्ड होतं, ॲप चालू होतं, आणि एकच क्लास दोन ठिकाणी सापडल्याची एक ओळ तेवढी कन्सोलमध्ये येते. ती ओळ दिसली की 'पॉडफाइल डॉट लॉक' उघडून कोणता पॉड ती लायब्ररी अजून ओढतोय ते शोधा.