पाण्यातले जड धातू काढायला वनस्पतिजन्य जेल की रेझिन?

समुद्रशैवालातून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटचे चिकट द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबथेंब सोडले, की प्रत्येक थेंब थिजून त्याचा जेलचा टपोरा मणी होतो. हा मणी तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात ठेवला तर हळूहळू निळसर होत जातो. धातू आत शिरताना असा डोळ्यांना दिसतो, हे मला अजूनही विलक्षण वाटते. पण त्यावर भाळून निर्णय घेऊ नका.

काम जेलचे आणि रेझिनचे सारखेच. समुद्रशैवालातले अल्जिनेट किंवा फळांच्या सालीतले पेक्टिन यांच्यावरचे कार्बोक्सिल गट (ऋणभार असलेले अणुगट) शिसे, कॅडमियम, तांबे यांचे धनभारित आयन धरतात आणि कॅल्शियम सोडतात. आयन-विनिमय रेझिनही आयनांची अदलाबदलच करते, फक्त त्याचा सांगाडा बहुधा पॉलिस्टायरीनचा असतो. जेल कुजते, रेझिन कुजत नाही. इथेच बरेच जण जेलच्या बाजूने कौल देतात आणि फसतात. शिसे धरलेला मणी मातीत कुजला, तर शिसेही मातीतच जाणार. वापरलेले जेल हा घातक कचराच.

टिकाऊपणात रेझिन सरस. मणी भरून त्यातून पाणी सोडतात त्या उंच स्तंभात मऊ जेल चेपते आणि प्रवाह तुंबतो. पाण्यात फॉस्फेट किंवा सायट्रेट असेल, तर ते मण्यातले कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी विरघळू लागतो. सौम्य आम्लाने धुऊन दोन्ही पुन्हा वापरता येतात, पण जेल लवकर थकते.

खरी परीक्षा कठीण, म्हणजे कॅल्शियम भरपूर असलेल्या, पाण्यात. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. कॅल्शियम लिटरला 100 मिलिग्रॅम असेल, तर ते याच्या 10,000 पट झाले. अल्जिनेटला शिसे अधिक आवडते हे खरे, पण एवढ्या गर्दीत त्याचाही निभाव लागणे अवघड. अशा ठिकाणी मी जड धातूंसाठीचे चिलेटिंग (धातूचा आयन चिमट्यासारखा पकडणारे) रेझिनच निवडेन.

आर्सेनिक काढायचे असेल तर साधे अल्जिनेट विसराच. पाण्यातले आर्सेनिक ऋणभारित किंवा भाररहित रूपात असते, त्याला लोहाचे ऑक्साइड मिसळलेले जेल लागते. धातू लिटरला शेकडो मिलिग्रॅम असतील, तर आधी चुन्याने साका पाडा.

मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी, शिसे किंवा तांबे, टाकीत थोडे थोडे शुद्धीकरण: इथे मी जेलच घेईन. मात्र आधी मूठभर मणी तुमच्याच पाण्यात रात्रभर ढवळून आधीचा आणि नंतरचा नमुना तपासून घ्या. छापील क्षमता, म्हणजे किती धातू धरला जातो तो आकडा, बहुधा ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू घालून मोजलेली असते.