दोन कलरचा नंबर: थरावर थर की मधलं कापून?

टीमच्या जर्सीवर व्हिनाइलने, म्हणजे हीटने कापडाला चिकटणाऱ्या रंगीत पातळ शीटने, दोन कलरमध्ये नाव-नंबर टाकायचा म्हटलं की रस्ते दोनच. एक म्हणजे बॉर्डरच्या कलरचा अख्खा भरीव नंबर आधी दाबायचा आणि त्याच्यावर आतल्या कलरचा, हे लेयरिंग. दुसरा म्हणजे बॉर्डरच्या व्हिनाइलमधून आतला नंबर कापून काढायचा, नुसती कडा ठेवायची आणि त्या मोकळ्या जागेत दुसरा कलर बसवायचा, हे नॉकआउट. प्लॉटर (कापायचं मशीन), हीट प्रेस (गरम करून दाबायचं मशीन), विडिंग (नको असलेलं व्हिनाइल हुकाने उचलून काढणं) ज्याला येतं त्याच्यासाठी लिहितोय, त्यामुळे टेम्परेचर-टाइमचं सांगत बसत नाही, ते प्रत्येक रोलचं वेगळं असतं आणि रोलवाल्याने दिलेलंच धरावं. मी दोन्ही पद्धती वापरल्यात, अजूनही कामानुसार वापरतो.

लेयरिंगची बाजू आधी मांडतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्टूर मारला, म्हणजे नंबरभोवती बाहेरची रेघ काढली, ब्रेक करून ती वेगळी केली, की दोन कलरच्या दोन फाइल तयार. दाबताना वरचा नंबर अर्धा मिलिमीटर सरकला तरी खाली कलर आहेच, जर्सीचं कापड मधून दिसत नाही, फार तर एका बाजूची बॉर्डर जरा जाड वाटेल. उन्हाळ्यात चाळीसगाव, पारोळा, शिरपूर कुठेही बघा, टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा सुरू झाल्या की कॅप्टन लोक संध्याकाळी नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि सकाळी जर्सी मागतात, अशा वेळी ही माफी फार कामाची असते. नवीन पोरगा हाताखाली असेल तर त्यालाही लेयरिंग लवकर जमतं.

नॉकआउटची बदनामी झालीय ती फटीमुळे. व्हिनाइलला हीट लागली की ते थोडं आकसतं, पॉलिस्टर जर्सीही प्रेसखाली जरा हलते, मग बॉर्डर आणि आतला नंबर यांच्यामध्ये कापडाची बारीक रेघ दिसायला लागते. गडद निळ्या जर्सीवर पांढरी बॉर्डर, पिवळा नंबर असला की ती निळी रेघ लांबूनही दिसते. हे खरं आहे, पण याला उपाय आहे आणि तो खाली सांगतो.

आता माझा निर्णय जिथे झाला ते. लेयरिंग केलेली जर्सी खांद्याला धरून उचलून बघा. कापड खाली लोंबतं, घडीप्रमाणे वळतं, आणि पाठीवरचा नंबर मात्र तसाच ताठ उभा राहतो. दहा इंची दोन आकडी नंबर म्हणजे जवळजवळ पूर्ण पाठ, तिथे व्हिनाइलचे दोन थर, मध्ये गोंदाचा थर, घाम बाहेर जायला जागाच नाही. आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि टुर्नामेंटाही नेमक्या त्याच दिवसांत. एका बॉलरने दुकानात येऊन मला सरळ विचारलं, ‘काय भो, पाठवर पत्रा ठोकेल शे का?’ त्याचं बरोबर होतं. मोठ्या माणसाच्या एक्सएल जर्सीत कदाचित एवढं जाणवणार नाही, पण शाळेच्या पोरांच्या २८-३० साइजला नंबर पाठीच्या मानाने मोठाच पडतो आणि ते पोर दिवसभर पाठीवर ते घेऊन ग्राउंडवर पळतं. मला ते बघवत नाही, खरं सांगतो.

आणि ताठपणा नुसता अंगाला टोचतो एवढंच नाही. खेळाडू खाली वाकला, जर्सी बॅगेत कोंबली, की जाड नंबर जिथे मोडतो तिथे आडवी घडी पडते आणि ती नंतर निघत नाही. नंबरच्या कडेला कापड गोळा होतं. घरी ब्रश मारून धुतात, तेव्हा माझ्या पाहण्यात आधी वरच्या थराचा कोपरा उचलतो, ४ च्या टोकाला किंवा ७ च्या वरच्या कोपऱ्याला. कबड्डीत तर समोरचा जर्सी धरूनच ओढतो, कापड ताणतं आणि दोन थरांचं व्हिनाइल त्याच्याबरोबर ताणायला तयार नसतं. नॉकआउटमध्ये सगळं व्हिनाइल एकेरी आणि थेट कापडाला चिकटलेलं, त्यामुळे जर्सी अंगावर पडते तसा नंबरही पडतो.

फटीचं असं करा. आतला नंबर बॉर्डरच्या मधल्या मोकळ्या जागेच्या मापाचा कापू नका, चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोठा ठेवा, म्हणजे कडेवर तेवढाच पातळ थर चढतो आणि फट दिसायचा प्रश्न मिटतो. वर नेहमी गडद कलर येऊ द्या. पांढरी बॉर्डर, निळा नंबर असेल तर बॉर्डर आधी, नंबर वर. काळी बॉर्डर, पिवळा नंबर असेल तर उलटं, पिवळा आधी दाबा आणि काळ्या बॉर्डरची आतली कड अर्धा मिलिमीटर आत घ्या. पहिला कलर दोन-तीन सेकंदच दाबायचा, नुसता धरण्यापुरता, पूर्ण टाइम दुसऱ्याबरोबर द्यायचा. पहिलाच पूर्ण दाबला की तो आकसून बसतो आणि मग दुसरा कितीही नीट ठेवा, जुळत नाही. दुसऱ्या वेळी उघड्या राहिलेल्या व्हिनाइलवर टेफलॉन शीट विसरू नका. जर्सी शिवलेली असेल तर शिलाई प्रेसच्या बाहेर काढा नाहीतर खाली पॅड द्या, शिलाईवर प्रेशर अडकलं की मधे कुठेतरी व्हिनाइल चिकटतच नाही.

ग्लिटर किंवा रिफ्लेक्टिव्ह वापरणार असाल तर ते लेयरिंगमध्ये खाली घालताच येत नाही, त्याच्यावर दुसरं नीट धरत नाही. नॉकआउटमध्ये ग्लिटरची बॉर्डर थेट कापडावर बसते, फक्त चढलेली कड तिची वर ठेवायची.

माल वाचतो म्हणून नॉकआउट करा असं कोणी सांगत असेल तर ते मला पटत नाही. मधला तुकडा कापून काढला तरी रोल तेवढाच लागतो. मोठ्या नंबरच्या पोटातून निघालेल्या तुकड्यात छातीवरचा छोटा नंबर बसतो कधीकधी, पण त्यावर हिशोब मांडू नये. वेळही नॉकआउटला जास्तच जातो, विडिंगला तर नक्कीच.

एका ठिकाणी मात्र मी आजही लेयरिंगच करतो, मराठी नावं. आपल्या अक्षरांना रफार, अनुस्वार, वेलांटी, आणि पाठीवर नाव असतं फार तर दोन इंच उंच. त्याची बॉर्डर नॉकआउटने काढायची म्हणजे दोऱ्याएवढी बारीक रिंग उरते, विडिंग करताना ती हुकाबरोबर उचलून येते, आणि अनुस्वाराच्या टिंबाची रिंग तर हरवतेच. नाव छोटं असल्यामुळे तिथे दोन थर झाले तरी अंगाला त्रास नाही. फक्त कटिंगला देण्याआधी अक्षरं कर्व्ह करून वेल्ड करायची, म्हणजे एकसंध आकारात जोडायची, नाहीतर शिरोरेषा आणि काना जिथे एकमेकांवर येतात तिथे प्लॉटर मधूनच कापत जातो आणि ‘पाटील’चे तुकडे होतात. इंग्रजीत नाव असेल, अक्षर जाड असेल, तर नॉकआउट चालतं.

लाल किंवा मरून जर्सीवर पांढरं टाकणार असाल तर दोन्ही पद्धतीत सारखीच काळजी घ्या. सुरतहून येणाऱ्या पॉलिस्टर मालात गडद कलर हीटने वर येतो आणि पांढरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, तिथे कमी टेम्परेचरचं किंवा कलर अडवणारं व्हिनाइलच घ्यावं लागतं. एक थर काय नि दोन काय, साधं पांढरं असेल तर कलर वर यायचा तो येतोच.

रात्रीतून अकरा जर्सी द्यायच्या असतील आणि हात अजून बसला नसेल तर लेयरिंग करा, त्यात काही वाईट नाही. पण दोन दिवस हातात असतील, पाठीवर मोठा नंबर असेल, खेळणारी पोरं असतील आणि उन्हाळा असेल, तर माझं मत विचाराल तर नॉकआउट. पहिल्यांदा करताना ८ पासून सुरुवात करू नका, १ आणि ७ घ्या, हात बसला की मग गोल आकड्यांकडे वळा.