पार्टीतले जुने डबे: बडोद्याच्या स्वयंपाकघरात आठ महिने

जून ते जानेवारी असे आठ महिने रोज वापरून हे लिहिते आहे. संच असा: एकात एक बसणारे तीन मऊ गोल वाडगे, चार उभे लंबगोल डबे, बिस्किटांचा एक पसरट डबा, दोन टिफिन आणि सहा पेले. बरेचसे टपरवेअर या अमेरिकी कंपनीचे, म्हणजे कोणाच्या तरी घरच्या पार्टीत वही-पेनाने ऑर्डर लिहून घेतलेले. बाकीचे त्याच सुमाराचे, बाजारातले. वीस-पंचवीस वर्षं झालेलं प्लास्टिक बडोद्याच्या पावसाळ्यात, दिवाळीच्या फराळात आणि उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) उंधियूत, म्हणजे तेलातल्या मिश्र भाजीत, कसं टिकतं, ते बघायचं होतं.

निष्कर्ष आधीच सांगते. कोरड्या जिनसा आणि फ्रीझर यांसाठी मऊ वाडग्यांच्या तोडीचं आज दुकानात सहज मिळत नाही. तळणीचे पदार्थ दोन-तीन आठवडेच ठेवावेत. गरमागरम, आंबट किंवा तेलाचा तवंग असलेलं काहीच नको. आणि झाकण लावायची रीत माहीत नसेल तर या डब्याचा साध्या डब्यापेक्षा काडीचाही जास्त उपयोग नाही.

ही रीत शिकवायलाच पार्टी होती, हे आता विसरलं गेलं आहे. टपरवेअरचे संस्थापक अर्ल टपर यांचे वाडगे अमेरिकेत १९४६ साली बाजारात आले. झाकणाची कल्पना रंगाच्या डब्याच्या झाकणावरून घेतलेली, फक्त उलटी केलेली. दुकानाच्या फळीवर मात्र ते नुसते पडून राहत, कारण झाकण कसं लावायचं हे गिऱ्हाइकाला कळत नसे. ब्राउनी वाइज या बाईंनी घरोघरी बायका जमवून ते हातात देऊन दाखवायला सुरुवात केली आणि खप इतका वाढला की १९५१ मध्ये कंपनीने माल दुकानांतून काढूनच घेतला. १९५४ मध्ये ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या पहिल्या स्त्री. चारच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांना कंपनीतून काढलं गेलं आणि त्याच वर्षी टपर यांनी कंपनी विकली. भारतात हे डबे १९९६ मध्ये आले ते याच पद्धतीने. बडोद्यातला दांडिया बाजार असो की अलकापुरी, दुपारचे तीन-साडेतीन, चहा, हिरवा चिवडा, मधोमध सतरंजीवर मांडलेले डबे आणि पाण्याने भरून उलटा धरलेला वाडगा. मग तोच वाडगा हातोहात फिरायचा आणि प्रत्येकीला झाकण स्वतः लावून बघावं लागायचं. डबा महाग वाटायचा, पण घरी जाताना हाताला एक कसब आलेलं असायचं. आज तेच डबे सुनांच्या, नातींच्या कपाटात आहेत, ते कसब त्यांच्याबरोबर आलेलं नाही. ‘जुने डबे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत’ या तक्रारीचं निम्मं कारण मला तरी हेच दिसतं.

तर रीत अशी. वाडग्याची कड आणि झाकणाची खाच दोन्ही पूर्ण कोरड्या हव्यात. वाडगा ओट्यावर ठेवा, हातात धरू नका. झाकण वर ठेवून आपल्या बाजूची कड दोन्ही अंगठ्यांनी खाचेत बसवा, मग एक अंगठा डावीकडून, एक उजवीकडून सरकवत समोर नेऊन भेटवा. आता तळहाताने झाकणाचा मध्य खाली दाबा, दाब न सोडता एका जागी कड नखभर उचला, फुस्स आवाज येऊन हवा बाहेर गेली की कड लगेच परत बसवा आणि मगच हात काढा. मध्यभाग किंचित खोलगट राहिला पाहिजे. दहा मिनिटांनी बघा. पुन्हा सपाट झाला असेल तर हवा आत शिरते आहे.

ती कुठून शिरते ते शोधायला वाडगा रिकामाच बंद करा आणि बादलीत बुडवून धरा. बुडबुडे जिथून येतील तिथे दोष. बहुतेक वेळा तो तिथल्या खाचेतल्या जुन्या तेलाचा असतो. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून भांडी धुण्याच्या द्रवात बुडवा आणि खाच पूर्ण फिरवून काढा. कापसावर पिवळा-तपकिरी चिकट थर येतो, तो यायचा थांबेपर्यंत कापूस बदलत राहा. दुसरा दोष म्हणजे कड वाकडी होणं. वाडगा ओट्याच्या सपाट दगडावर पालथा घाला आणि कडेखालून कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे सहज आत जाते तिथे कड उचललेली आहे. कधीतरी त्यात वाफाळता भात भरलेला असणार. वाडग्यात कडकडीत नाही पण हात लावता न येण्याइतकं गरम पाणी पाच मिनिटं ठेवून, ओतून, त्याच मापाच्या स्टीलच्या पातेल्यावर कड ताणून बसवा आणि तसंच गार पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. थोडी वाकलेली कड यातून बऱ्यापैकी सरळ येते, जास्त बिघडलेली येत नाही. तिसरा दोष, म्हणजे झाकण उघडायच्या जिभेच्या मुळाशी पडलेली चीर, दुरुस्त होत नाही. तिथे रोज ताण पडतो आणि साबणाचं पाणी तसंच राहिलं तर ताणाखालचं पॉलिथीन (हे वाडगे-झाकणं याच मऊ प्लास्टिकची) अजून लवकर चिरतं. म्हणून झाकण नेहमी पूर्ण विसळा, आणि रिकामा डबा झाकण घट्ट लावून महिनोन्‌महिने ठेवू नका. शेजारी नुसतं ठेवलेलं बरं.

जानेवारीच्या सकाळी झाकण कडक लागतं, ओढूनही बसत नाही. ते एक मिनिट कोमट पाण्यात ठेवून पुसून लावा. जोर लावूनच बहुतेक जिभा तुटतात.

आता पावसाळ्याचं. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये उघडं मीठ दोन दिवसांत पाणी सोडतं, म्हणून कसोटी मिठाचीच घेतली. तव्यावर कोरडं केलेलं शंभर-शंभर ग्रॅम मीठ प्रत्येक प्रकारच्या डब्यात घालून महिनाभर बंद ठेवलं. मऊ वाडगे आणि लंबगोल डबे यांतलं मीठ भुरभुरीत राहिलं. बाजारातल्या एका कडक, पारदर्शक बरणीत त्याचा गोळा झाला, कारण तिचं फिरकीचं झाकण कडक आणि आत रबर नाही. पापड, खाखरे, रवा, पोहे, साबुदाणा यांचाही अनुभव तसाच. फक्त दररोज दहादा उघडायच्या डब्याला यातलं काही लागू पडत नाही. त्यात हवा रोज नवी येते. मोठा साठा बंद डब्यात आणि आठवड्यापुरतं छोट्या बरणीत, असं केलं तरच फायदा.

फराळात मात्र गंमत कळली. चकल्या आणि शंकरपाळे पंचविसाव्या दिवशीही कुरकुरीत होते, तरी तोंडात धरवत नव्हते. खवट. कारण पॉलिथीन पाण्याची वाफ चांगली अडवतं, प्राणवायू मात्र त्यातून हळूहळू आरपार जातो. कुरकुरीतपणा ओलाव्यावर अवलंबून, खवटपणा प्राणवायूवर. घट्ट बसणाऱ्या झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा इथे उजवा ठरतो. याच कारणाने हिंग, कॉफी, वेलदोडे या डब्यांत ठेवू नयेत. वास बाहेर जातो आणि शेजारच्या डब्यात जाऊन बसतो. उत्तरायणाचे तिळाचे लाडू आठवडाभर उत्तम राहिले, चिक्की सुटी सुटी राहिली. उंधियू मात्र ठेवू नका. एका रात्रीत हिरव्या लसणीचा वास आणि तेलाचा पिवळा डाग वाडग्यात मुरतो.

डाग निघतो. हळदीतला रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळपास नाहीच, म्हणून आधी साबण लावू नका. चमचाभर गोडं तेल डागावर बोटाने पाच मिनिटं चोळा, कागदाने पुसा, मग साबण. राहिलेली पिवळी झाक सकाळच्या उन्हात तीन-चार तास ठेवली की बरीच उडते, कारण तो रंग उजेडात टिकत नाही. दोन दिवस ऊन पुरे. गच्चीवर विसरलेला डबा उन्हानेच ठिसूळ होतो, आणि मे महिन्यात तर दुपारी तिकडे नेऊच नका. वासासाठी कोरड्या वाडग्यात लाकडी कोळशाचे दोन तुकडे घालून झाकण लावून तीन दिवस ठेवते. वर्तमानपत्राच्या बोळ्यांपेक्षा हे चांगलं काम करतं.

जुन्या डब्यांची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे बाहेरचा चिकटपणा. गॅसजवळच्या फळीवर फोडणीची वाफ वर्षानुवर्षं बसते आणि वाळलेल्या तेलाचा राळेसारखा थर होतो. तीन चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा पाणी यांचा लेप लावून अर्धा तास ठेवा, मग मऊ टूथब्रशने गोल गोल घासा आणि कोमट पाण्याने धुवा. दोनदा करावं लागतं. तारेचा काथ्या अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत पुढचं तेल बसतं. रॉकेल, थिनरही नको. तीन वेळा करूनही दुसऱ्या आठवड्यात हात चिकटत असेल तर चिकटपणा वरच्या तेलाचा नाही, प्लास्टिकच उतरायला लागलं आहे. तो डबा अन्नासाठी संपला.

प्लास्टिक ओळखायचं कसं, हा प्रश्न सारखा येतो. तळाच्या त्रिकोणातले आकडे अमेरिकेत १९८८ पासून सुरू झाले, त्यामुळे फार जुन्या वस्तूंवर ते नसतात. असले तर २ आणि ४ म्हणजे पॉलिथीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे इतर सगळी, ज्यात पॉलिकार्बोनेट येतं. आकडा नसेल तर बादलीत साबणाचे दोन थेंब टाकून पाण्यात वस्तू पूर्ण बुडवा, आत हवा राहू देऊ नका, आणि सोडा. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन वर येतात. पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट आणि बरण्यांचं ‘पेट’ प्लास्टिक तळाला जातात. मग तरंगलेल्यावर नख ओढा: मेणासारखं लागून रेघ उमटली तर मऊ पॉलिथीन. बडोदेकरांना हे नाव परकं नाही. आपल्या इथल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीचं मऊ पॉलिथीन ‘इंडोथीन’ नावाने विकलं जायचं आणि पॉलिप्रॉपिलीन ‘कोयलीन’ नावाने, कोयली गाव इथून हाकेच्या अंतरावर. पेट्रोकेमिकल्सच्या वसाहतीत राहिलेल्या कोणालाही विचारा, डबा हातात घेऊन सांगतील.

फरक उपयोगाचा आहे. मऊ पॉलिथीन साधारण ११० अंशांना वितळतं, त्याच्या बरंच आधी लवायला लागतं, म्हणून उकळतं वरण त्यात ओतायचं नाही आणि मायक्रोवेव्ह तर नाहीच. पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे वितळतं, टिफिनला तेच योग्य. थंडीत मात्र उलट: पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपास ठिसूळ होतं, फ्रीझरमधून काढताना हातून सुटलं की तडकतं, मऊ पॉलिथीनला काही होत नाही. सोललेले मटार, खवलेलं ओलं खोबरं, तुरीचे हिरवे दाणे यांना हे वाडगे अप्रतिम. पातळ पदार्थ ठेवताना वर दोन बोटं जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि झाकण उचलून टाकतं.

रंगाबद्दल स्पष्ट सांगते. जुन्या प्लास्टिकच्या भडक लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत पूर्वी कॅडमियम, शिसं असलेली रंगद्रव्यं वापरली जात. नुसतं बघून हे कळत नाही. कोणत्या कंपनीची, कधीची, हे माहीत नसलेली भडक वस्तू बटणं, सुया-दोरे, मुलांचे खडू यांसाठी ठेवावी. कितीही आवडती असली तरी. पारदर्शक कडक बरणी पॉलिकार्बोनेटची असेल तर तिच्यात बीपीए (बिस्फेनॉल-ए हे रसायन) असतं. गरम आणि आंबट काही तिच्यात नकोच.

पेले ठीक आहेत, ताकाला चालतात, लिंबू सरबताचा वास धरतात. टिफिनपैकी एकाची कडी गेली, दुसरा चांगला.

‘आयुष्यभराची हमी’ या शब्दांवर पूर्वी झाकण बदलून मिळायचं. अमेरिकेतल्या मूळ कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा आहे ते झाकण शेवटचं समजूनच वापरावं. तळावर आणि झाकणावर साच्याचे आकडे कोरलेले असतात, मधे रेघ असलेले. रेघेच्या आधीचा आकडा नगाचा, नंतरचा वेगळा असला तरी चालतो. डब्याचा आणि झाकणाचा आकडा मात्र एकच नसतो, म्हणून नीट बसणारी जोडी सापडली की दोन्ही आकडे कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. जुना डबा विकत घेणार असाल तर खिशात कागदाची पट्टी न्या, झाकण लावून हवा काढा, दहा मिनिटं बाकीचा बाजार बघा आणि परत येऊन झाकणाचा मध्य बघा. बहिणी-जावांकडच्या बिनझाकणांच्या वाडग्यांची आणि बिनवाडग्यांच्या झाकणांची एक दुपार एकत्र मांडामांड करा. आमच्या चार घरांत मिळून सात जोड्या जमल्या.