पुढं भिंती हलवायच्या असतील तर काय घ्यावं: मिवान, कॉलम-बीम की प्लॉट?

टू बीएचके शोधताय आणि डोक्यात आहे की मुलं मोठी झाली की हॉलमधून एक खोली काढू, आई-बाबा आले की किचन सरकवू, तर ब्रोशर राहू द्या, आधी विचारा काम मिवानचं आहे का.

मिवान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा), भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. काम फटाफट होतं, फिनिशिंग मस्त येतं, पण आतल्या बऱ्याचशा भिंती बिल्डिंगचं वजन पेलत असतात. पाडायचं सोडाच, एसीच्या पाइपाला होल मारताना पण घाम फुटतो. आजचा प्लॅन तोच नातवंडांचा प्लॅन.

कॉलम-बीममध्ये वजन कॉलमवर जातं, मधल्या चार इंची भिंती नुसत्या आडोशाला (जुनी लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभी असलेली बिल्डिंग वेगळी हं, तिथं हात लावू नका). स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून आणि परवानगी घेऊन त्या काढता येतात. गाडी अडते बाथरूमपाशी, कारण संकन स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) आणि डक्ट (पाइप खाली नेणारी उभी पोकळी) जिथं आहे तिथंच, आणि खालच्यांच्या बेडरूमवर तुमचं टॉयलेट आलं की सोसायटीत महाभारत. जपानमधल्या ओसाकाच्या नेक्स्ट 21 या बिल्डिंगमध्ये 1993 सालीच हे सोडवलंय, 18 घरं, फ्लोअर उचलून पाइप त्याच्याखालून नेलेत त्यामुळे किचन-बाथरूम पण हलतं. सांगाडा सगळ्यांचा, आतलं घर राहणाऱ्याचं, ही हाब्राकेन नावाच्या डच आर्किटेक्टची 1961 ची आयडिया. आपल्याकडं बिल्डर मॉड्युलर किचन दिलं तरी उपकार केल्यासारखं दाखवतो.

प्लॉट घेऊन स्वतः बांधायचं बघायचं तर नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चक्कर मारा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं, छोटे 45 ते 75 चौरस मीटरचे प्लॉट, सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि खरी गंमत म्हणजे शेजाऱ्याशी भिंत कॉमन नाही, म्हणून ज्याला जेव्हा पैसे जमतील तेव्हा तो वाढवणार. आता बरीच कौलारू घरं जाऊन तिथं आरसीसी उभं राहिलंय, लोक हळहळतात, मला मात्र वाटतं ते घर वाढवायलाच तर दिलं होतं! रो-हाऊसमध्ये नेमकी ती भिंत कॉमन असते, तिथं हे एवढं सोपं नाही.

पाच-सात वर्षांत विकणार असाल तर मिवान चालेल. राहायचंच असेल तर मी कॉलम-बीम घेईन, प्लॉट फक्त बांधकामाच्या कटकटीला वेळ असेल तरच. आणि सेल्सवाला 'इंटर्नल चेंजेस होऊन जातील सर' म्हणाला की स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, बघा चेहरा कसा होतो ते.